चालू नावेत नावाड्याशी बोलू नये

टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्या दोघी बहिणी नऊ दिवस राहिल्या. खोली कसली, दुकानदाराची अडगळच होती ती. भिंतींना टेकून जुन्या टायरांच्या चळती, खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा, आणि रबराचा वास असा की पाव खाल्ला तरी टायर चावल्यासारखं वाटायचं. थोरली सतरा वर्षांची, धाकटी बारा. धाकटीला घरात सगळे रेडिओ म्हणत, कारण सकाळी डोळे उघडले की ती जी सुरू व्हायची ती झोप लागेपर्यंत. हिला बंद करायचं बटण लावायला देव विसरला, असं वडील म्हणायचे आणि वर तिचंच ऐकत बसायचे.

वडील मागे राहिले होते. ते नावाडी. गावाजवळच्या रुंद नदीवर त्यांची इंजिनाची नाव होती. बाजारचे लोक, शाळेची पोरं, शेळ्या, सायकली, एकदा तर खाटा-कपाटांसकट अख्खा दवाखाना त्यांनी पैलतीरी नेला होता. लढाई नदीपर्यंत आली तेव्हा आधी पूल गेला, मग नाव गेली, आणि नाव वाचवायला धावलेल्या वडिलांच्या मांडीत गोळी शिरली. कुबडीवर डोंगर ओलांडता येत नाही. "तुम्ही दोघी पुढे व्हा, पाय बरा झाला की मी येतोच," असं ते म्हणाले. तो पाय बरा होणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं.

समुद्राच्या पलीकडे मामा होता. तिथल्या गावात एका बेकरीत तो भट्टीवर कामाला होता. फोनवर त्याने सांगितलं होतं, "टेकडीवर पांढरी पाण्याची टाकी आहे आणि तिच्या खाली चुन्याच्या कारखान्याचं उंच धुराडं. ती दोन दिसली की समजा माझ्या दाराशी आलात."

समुद्र तिथे अरुंद होता. हवा स्वच्छ असली की पुठ्ठ्याच्या भोकातून पलीकडचा किनारा दिसायचा, आणि नीट पाहिलं तर टाकी आणि धुराडंसुद्धा. थोरली त्या भोकाला डोळा लावून तास न् तास बसायची. नदीपेक्षा वीसपट रुंद असेल, तीसपट असेल, असा हिशेब करायची.

दहाव्या दिवशी पहाटे, पैसे घेऊन लोकांना समुद्रापार पाठवणाऱ्या दलालाचा माणूस आला. रात्री गस्तीच्या बोटी फिरतात, सकाळी त्यांची पाळी बदलते, तेवढ्या वेळात निघायचं, असं त्याने सांगितलं. खडकांच्या आड एक रबरी बोट फुगवून ठेवली होती. दहा माणसांची बोट, आणि माणसं सव्वीस. त्यातली निम्मी पोरंच. मागे इंजिन, त्याला हातभर लांबीचा दांडा, आणि पेट्रोलचे दोन डबे.

"चालवणार कोण?" दलालाच्या माणसाने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. त्यांना वाटलं होतं, हाच चालवेल.

"मी बोटीत बसत नसतो," तो म्हणाला. "मला घर आहे."

शेवटी एका आडव्या बांध्याच्या माणसाने हात वर केला. तो नळ जोडायचं काम करायचा. बोटीतले बरेच जण त्याच टायरच्या दुकानात थांबले होते, आणि नऊ दिवसांत त्याने तिथले सगळे गळके नळ आपण होऊन दुरुस्त केले होते, म्हणून सगळे त्याला नळवाला म्हणत. "मी ट्रॅक्टर चालवलाय," तो म्हणाला.

"ट्रॅक्टर बुडत नाही," एक शिंपीणकाकू तोंडातल्या तोंडात म्हणाली. तिच्या मांडीवर सहा वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या कमरेला तिने आपल्या ओढणीचं टोक शिवून टाकलं होतं. गाठ सुटते, शिवण सुटत नाही, असं तिचं म्हणणं.

नळवाल्याने इंजिन चालू केलं, दांडा उजवीकडे दाबला, आणि बोट डावीकडे वळली. त्याने घाईने आणखी उजवीकडे दाबला. बोट गर्रकन फिरून पुन्हा खडकांकडे निघाली. पोरं रडायला लागली. दुसऱ्या फेरीला थोरली उठली, लोकांच्या पायांवरून, मांड्यांवरून मागे गेली आणि म्हणाली, "काका, जरा सरका."

"तुला येतं?"

"नदीवर येतं."

खरं तर ती सगळ्यांसमोर दोन वाक्यं धड बोलणारी मुलगी नव्हती. पण दांडा हातात घेतल्यावर तिच्या मनगटाला काय करायचं ते तिच्याआधी कळलं. बोट सरळ झाली. रेडिओ तेवढ्यात न सांगता पुढच्या टोकाला जाऊन बसली होती. वडिलांच्या नावेत तिची जागा तीच. थोरली सुकाणूला आणि धाकटी नाकाशी, ओंडके बघायला.

थोरलीने खिशातली संत्र्याची साल पाण्यात टाकली. साल हळूहळू उजवीकडे गेली. म्हणजे पाण्याची ओढ डावीकडून उजवीकडे. वडील गवताची काडी टाकायचे. ओढ कळली की नावेचं नाक ओढीच्या अंगावर थोडं वळवून धरायचं. मग नाव दिसते तिरकी, पण जाते सरळ. आणि सरळ जाते की नाही हे बघायला पैलतीरावरच्या दोन खुणा एकावर एक ठेवायच्या, एक पुढची, एक मागची. खुणा फाकल्या की समजायचं, नाव वाहते आहे. तिने टाकीच्या खाली धुराडं आणलं, बोटीचं नाक दोन्हींच्या डावीकडे ठेवलं, आणि दांडा घट्ट धरला.

"अगं, टाकी तर उजवीकडे राहिली," नळवाला म्हणाला.

थोरलीने खुणांवरची नजर हलवली नाही. वडिलांच्या नावेवर लाल रंगात एक पाटी होती: चालू नावेत नावाड्याशी बोलू नये. ती काही शोभेला लावलेली नव्हती. एका वर्षी पुराच्या पाण्यात वडिलांच्या भावाने त्यांना सहज काहीतरी विचारलं, वडिलांनी मान वळवली, आणि तेवढ्यात नाव पुलाच्या खांबावर आदळली. माणसं वाचली, दोन शेळ्या गेल्या. त्या दिवसापासून घरात तो कायदाच झाला. रेडिओसारखी रेडिओसुद्धा नाव ओढीत शिरली की गप्प व्हायची.

"पोरी, मी तुझ्याशी बोलतोय."

"काका, तिच्याशी बोलू नका," पुढून रेडिओ म्हणाली. "तसा नियम आहे." आणि तीही गप्प झाली.

पहिला पाऊण तास सगळं ठीक चाललं. टाकीखाली धुराडं, धुराड्यावर टाकी. पाणी आत यायचं तेवढं शिंपीणकाकू आणि आणखी एक-दोघी डब्याच्या झाकणांनी उपसत होत्या. पहिला डबा संपला, नळवाल्याने दुसरा डबा जोडून दिला. ते काम मात्र त्याने एक थेंब न सांडता केलं.

मग धुकं आलं.

ते आलं म्हणजे कुठून चालत आलं नाही. आधी टाकी पुसट झाली, मग धुराडं, मग समोरचं पाणी, आणि शेवटी पुढच्या टोकाला बसलेली रेडिओ राखाडी ठिपक्यासारखी दिसू लागली. थोरलीने दांडा आणखी घट्ट धरला. पण नदीवर धुकं काही कमी नसतं. अशा वेळी वारा कुठल्या गालाला लागतो ते धरून चालायचं. वारा डाव्या गालाला होता. तो तिथेच ठेवायचा, ओढीचा कोन तेवढाच ठेवायचा, आणि मनातल्या मनात आकडे मोजायचे. तिने मोजायला सुरुवात केली. नाक डावीकडे, गाल डावा, आकडे. हजार झाले, तीन हजार झाले. कुणीतरी ओकत होतं. कुठेतरी मोठ्या जहाजाचा भोंगा वाजला आणि सव्वीस जणांनी एकदम श्वास धरला. भोंगा लांब गेला, मग त्याची लाट आली, बोट उचलली गेली आणि धपकन खाली बसली. शिंपीणकाकूचा मुलगा म्हणाला, "पुन्हा," आणि तिने त्याचं तोंड दाबलं.

थोरलीला एकच गोष्ट अधूनमधून टोचत होती. रेडिओने वळून दोनदा तिच्याकडे पाहिलं होतं. धुक्यात चेहरा कळत नव्हता. घाबरली असेल, थोरलीने स्वतःला सांगितलं. सगळेच घाबरलेत.

धुकं उचललं तेव्हा आधी लोक हसले. समोर जमीन होती, चांगली जवळ, दगड आणि झुडपं वेगळी दिसावीत इतकी. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. थोरलीने टाकी शोधली. समोर नव्हती. डावीकडे पाहिलं, तिथे डोंगराची एक सोंड समुद्रात उतरली होती, आणि तिच्यापुढे जमीनच नव्हती. नुसतं पाणी, आभाळापर्यंत. मग तिने उजवीकडे पाहिलं. टाकी होती, पण लांब, काडेपेटीएवढी. धुराडं तिच्यापासून फाकून कुठच्या कुठे गेलं होतं.

खिशात सालीचा आणखी एक तुकडा होता, तो तिने टाकला. साल झपाट्याने डावीकडे निघाली.

डावीकडे.

भरती आणि ओहोटी तिने शाळेत पाठ केली होती. चंद्राची आकृती काढली होती, तिला पैकीच्या पैकी गुण होते. भरतीला पाणी वर येतं आणि ओहोटीला खाली जातं. ते आडवं वाहतं, आणि वाहता वाहता उलटं फिरतं, हे आकृतीत कुठेच नव्हतं. नदी जन्मात उलटी फिरत नाही. पाणी फिरलं तरी ती नाक डावीकडेच धरून बसली होती. समुद्र त्यांना डावीकडे नेत होता आणि तीही त्यांना डावीकडेच नेत होती.

"रेडिओ," ती म्हणाली. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाली. "रेडिओ, पाणी फिरलंय."

रेडिओने मान वळवली. तिचे ओठ निळे पडले होते. "हो," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"कोळ्यांचे डबे दिसले. जाळ्याला बांधलेले निळे. दोनदा दिसले, अगदी जवळून. पहिला उजवीकडे ओढलेला होता. मग दुसरा डावीकडे."

"कधी?"

"धुक्यात. मघाशी. बराच वेळ झाला."

"मग बोलली का नाहीस?"

रेडिओचं तोंड रडवेलं झालं. "तू सुकाणूला होतीस," ती म्हणाली.

थोरलीला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच क्षणी स्वतःच्याही. दोघींनी मिळून वडिलांचा शब्द इतका पाळला होता की सव्वीस माणसं उघड्या समुद्राच्या दाराशी आणून ठेवली होती.

तोवर नळवाल्यालाही टाकी दिसली होती. "ती बघ तुझी टाकी," तो उठायला लागला. "वळव ना तिकडे. दे इकडे तो दांडा."

"बसा काका. बोट कलेल."

"वळव म्हणतो."

"नाही पोहोचणार. पाणी समोरून आहे. डबा संपेल आणि आपण इथेच असू." तिने त्याच्या पायाशी असलेला डबा हलवून पाहिला. तळाशी खळखळलं, अर्धासुद्धा नव्हता. "पाण्याशी भांडायचं नाही, पाणी कापायचं. ते नेतंय तिकडे नेऊ दे, आपण फक्त किनाऱ्याकडे सरकायचं."

"आणि ती सोंड संपेपर्यंत किनारा नाही लागला तर?"

तिने दांडा दाबला आणि बोटीचं नाक टाकीकडे नाही, सोंडेकडे नाही, थेट समोरच्या खडकांकडे केलं. मघाशी टाळ्या वाजवणारे आता ओरडत होते. गाव तिकडे आणि ही नेते कुठे, पोरीच्या हातात दिलंच कशाला, असं चाललं होतं. शिंपीणकाकू एकदम म्हणाली, "तुमच्यापैकी ज्याला येतं त्याने पुढे व्हा, नाहीतर पाणी उपसा." तिने झाकण नळवाल्याच्या हातात दिलं. तो उपसायला लागला.

"रेडिओ, आता गप्प बसायचं नाही," थोरली म्हणाली. "जे दिसेल ते सांग. सगळं सांग."

"फुटलेला खडक आहे आणि त्याच्यामागे वाकडं झाड. झाड सरकतंय."

"किती?"

"हळू. आता जास्त. ताई, आता झाड खडकाच्या बाहेर आलं."

म्हणजे ओढ किनाऱ्याजवळ वाढत होती. सोंड आता मोठी दिसत होती, काळी, ओली, आणि तिच्या अलीकडच्या अंगावर लाटा फुटत होत्या. पांढरं पाणी वर उडायचं आणि त्याचा आवाज मागून यायचा. रबरी बोट त्या खडकांवर गेली तर फाटेल, हे सांगायला नावाड्याची गरज नव्हती. आणि खडक चुकवले तर सोंडेपलीकडे उघडा समुद्र. डब्यात पेट्रोल कपभर, दोन कप.

नदीवर असं असतं, की वळणावर जमिनीचं टोक पुढे आलेलं असलं तर त्याच्यामागे पाणी थांबतं. मुख्य ओढ सरळ निघून जाते आणि टोकामागे पाणी दमल्यासारखं पडून असतं, कधी कधी उलटं काठाकडे येतं. वडील पुरातसुद्धा नाव तिथे टेकवायचे. नाव टोकापर्यंत जाऊ द्यायची, टोक ओलांडायचं, आणि ओलांडल्या ओलांडल्या पूर्ण जोर लावून आत वळायचं. नदीवर हे ती डोळे मिटून करू शकली असती. पण ही नदी नव्हती. तासाभरापूर्वी तिने नदीवर भरवसा ठेवला होता आणि काय झालं ते समोर होतं. सोंड एकदा ओलांडली की परत अलीकडे येता येणार नव्हतं. आपण चूक केली आहे हे ज्याला कळलंय त्याने दुसऱ्यांदा कसं ठरवायचं?

"ताई, खडक आले," रेडिओ म्हणाली.

"सोंडेमागे काय आहे?"

"तिथे पाणी थांबत असेल. बाबा नाही का..."

"बाबांचं नको. आठवून सांगू नकोस, बघून सांग."

रेडिओ गुडघ्यांवर उभी राहिली. पुढे बसलेल्या एका बाईने न सांगता मागून तिचा फ्रॉक घट्ट धरला. बोट लाटेवर चढली, उतरली, पुन्हा चढली.

"नाही दिसत अजून."

"बघ."

"खडकच आहे. खडक... थांब. फेस आहे. फेस पडलाय."

"पडलाय म्हणजे? वाहतोय की पडलाय?"

"एकदा बघू दे." लाटेने बोट खाली नेली आणि वर आणली. त्या मधल्या वेळात थोरलीला इंजिनाचा आवाज जरा बदललेला ऐकू आला, दम लागल्यासारखा. "पडलाय. फळकुट आहे एक, ते जागेवर आहे. हलतंय पण जात नाही. आणि पक्षी बसलेत पाण्यावर, ते पण तिथेच आहेत."

थोरलीने नाक खडकांपासून बाहेर काढलं.

लोकांना दिसलं ते इतकंच, की किनारा हाताशी आला असताना ही मुलगी बोट समुद्राकडे वळवते आहे. एक बाई आपल्या बहिणीचं नाव घेऊन हंबरडा फोडून रडायला लागली. कुणीतरी थोरलीचा खांदा धरला, आणि नळवाला तो हात ओढून काढत म्हणाला, "राहू दे रे. आता राहू दे." सोंडेचं टोक उजवीकडून सरकत गेलं, इतक्या जवळून की त्यावरचे शिंपले दिसले. तुषारांनी सगळे भिजले. मग खडक मागे पडला, आणि समोर काहीच उरलं नाही.

"आता," रेडिओ म्हणाली.

थोरलीने दांडा अंगाने रेटला. बोट आडवी झाली, डावी बाजू पाण्याला टेकली, शिंपीणकाकूचा मुलगा घसरला आणि शिवणीवर अडकला. ओढीच्या कडेला पाणी उकळल्यासारखं होतं. इंजिन एकदा खोकलं. पुन्हा खोकलं. बोट त्या उकळत्या रेषेवर चढून तशीच उभी राहिली, ना आत ना बाहेर, आणि इंजिन बंद पडलं.

"हाताने," थोरली म्हणाली. "सगळ्यांनी. उजवीकडच्यांनी जास्त."

झाकणं, चपला, तळहात, एकाने तर नुसता बूट घेऊन. सव्वीस माणसांनी पाणी असं ओढलं की जणू ते दोरी असावी. किती वेळ, ते तिला कधीच सांगता आलं नसतं. एवढंच कळलं की एका क्षणी बोट हलकी झाली आणि आवाज थांबला. खालचं पाणी गढूळ हिरवं होतं. फळकुट बोटीला येऊन हळूच लागलं. पक्षी उडाले, थोडं पुढे जाऊन पुन्हा बसले.

कमरेएवढ्या पाण्यात नळवाला आधी उतरला. मग दुसरे उतरले. पोरांना एका हातातून दुसऱ्या हातात देत काठावर नेलं. खडकांत कोरडी जागा फारशी नव्हती, पण जी होती तिच्यावर लोक आडवे झाले. रेडिओला शिंपीणकाकूने आपल्या मुलाबरोबर कुशीत घेतलं होतं आणि तिचे हात चोळत होती.

थोरली शेवटपर्यंत बोटीत बसून होती. दांड्यावरची बोटं उघडत नव्हती. नळवाला पाण्यातून परत आला आणि एक एक बोट सोडवू लागला, नळाचा जुना गंजलेला आटा सोडवावा तसा, सावकाश.

"काय ग," तो म्हणाला, "एवढा वळसा घालून आणायचं तुझं आधीपासून ठरलं होतं का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत होता, पण त्याला खरंच तसं वाटत होतं हेही तिला दिसलं. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली. "पाणी तासाभरापूर्वीच फिरलं होतं. मला कळलं नाही. मीच आणलं तुम्हाला इतकं लांब."

त्याचे हात थांबले. त्याने काठावरच्या लोकांकडे पाहिलं, मग लांब, जिथे टाकी आता सोंडेच्या आड गेली होती. तिथपर्यंत चालत म्हणजे दिवसभराची वाट, आणि वाटेत कोण भेटेल ते कुणालाच माहीत नव्हतं.

"बाकीच्यांना आत्ता सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "त्यांना अजून चालायचंय." मग त्याने तिची करंगळी सोडवली. "माझ्या पोरी तुझ्याएवढ्याच आहेत. मला पुढच्या वेळी वेळेवर सांग, एवढं पुरे."

"पुढच्या वेळी तुम्ही विचारा," ती म्हणाली. "मी उत्तर देईन."

ती उतरली. पाणी कमरेपर्यंत आलं, थंडगार. तळाला गुळगुळीत दगड होते आणि पाय एका जागी ठरत नव्हता, म्हणून तिने त्याच्या खांद्याला धरलं आणि दोघं काठाकडे निघाले.